वृद्धाश्रम पाहायला जाताना वजनाची वही मागा

वृद्धाश्रम निवडायला निघालेले कुटुंब बहुधा रविवारी सकाळी जाते, आणि तेही आधी फोन करून. अंगण झाडलेले असते, हॉलमध्ये टीव्हीवर कीर्तन चालू असते. व्यवस्थापक हवेशीर खोली दाखवतात, आठवड्याच्या जेवणाचा तक्ता दाखवतात, अनामत रक्कम आणि महिन्याचा खर्च सांगतात. तासाभरात ठरून जाते. दाखवलेले खोटे नसते. पण आईची किंवा वडिलांची तब्येत तिथे सहा महिन्यांनी कशी असेल, हे त्यातल्या कशावरूनच कळत नाही.

डॉ. अवेदिस डोनाबेडियन यांनी आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याची जी रीत १९६६ मध्ये मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. दर्जा तीन ठिकाणी शोधायचा: संस्थेकडे काय आहे, तिथे रोज काय केले जाते आणि त्यातून माणसाचे काय झाले. खोली, लिफ्ट, शौचालयात धरायचा दांडा हे पहिल्यात येते. कुटुंबाची पाहणी बहुतेक इथेच संपते. पुढच्या दोन गोष्टी पाहायच्या तर भिंतींपेक्षा वह्या आणि माणसे पाहावी लागतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे वजन. दर महिन्याला ते केले जाते का, आणि लिहून ठेवले जाते का? उतारवयात काही प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरणे गंभीर मानले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजी महिन्याभरात ५७ वर आल्या, तर चौकशी व्हायलाच हवी. कारण आजाराचे असेल, नैराश्याचे असेल. पण कित्येकदा ते फार साधे असते. कवळी सैल झालेली असते. भाकरी चावत नाही आणि मऊ भात मागायला संकोच वाटतो. हात थरथरतो, भरवायला कोणी नसते, आणि ताट तसेच परत जाते. गिळायला त्रास असलेल्या माणसाला सावकाश भरवायला अर्धा तासही लागतो. घाई केली तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून भेटीची वेळ जेवणाची निवडावी, आणि ताटात काय वाढले यापेक्षा काय उरले ते पाहावे. पाण्याचेही तसेच. वयाबरोबर तहान कमी जाणवू लागते, त्यामुळे उशाशी भरलेला तांब्या ठेवला म्हणजे पाणी पोटात गेले असे होत नाही.

दुसरी खूण त्वचेची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि काही तासांतही बेडसोरची सुरुवात होऊ शकते. पुस्तकांत पहिली खूण दिलेली असते ती दाबल्यावरही न जाणारी लाली. सावळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही. तिथे काळसर-जांभळट डाग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणारी जागा शोधावी लागते. चांगल्या वृद्धाश्रमात माणूस दाखल होतो त्याच दिवशी त्याची पाठ आणि टाचा तपासून नोंद होते. ही नोंद नसली, की जखम हॉस्पिटलमधून आली की इथेच झाली, यावर नंतर नुसता वाद होतो.

बेडसोर टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, असा नियम घरोघरी माहीत आहे. आता हिशेब करू. पंधरा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. रात्रपाळीला दोन मावशी आहेत. एकाला नीट वळवून, ओले झाले असेल तर डायपर बदलून, पायाखाली उशी सरकवायला दोघींना मिळून दहा मिनिटे लागतात. पंधरा जणांची एक फेरी अडीच तासांची झाली, आणि पुढची फेरी तर दोन तासांनीच सुरू व्हायला हवी होती. मध्ये कोणाला उलटी झाली, कोणी हाक मारली, तर गणित आणखी बिघडते. जखम झाली की बोल मावशींना लागतो. खरा प्रश्न रात्रपाळीला माणसे किती आणि त्यांना काय शिकवले आहे हा आहे, आणि तो दाखल करण्याआधीच विचारायचा असतो.

पडण्याच्या नोंदींबाबत मात्र आकडे फसवतात. ‘आमच्याकडे वर्षभरात कोणीही पडलेले नाही,’ असे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा सावध व्हावे. म्हातारी माणसे चालतात तिथे कधीतरी पडतातच. कोणीच पडत नसेल, तर एक तर लिहिले जात नाही किंवा कोणाला उठूच दिले जात नाही. महिन्यात चार जण पडल्याची नोंद, प्रत्येकाची वेळ, कारण आणि नंतर काय बदलले हे ज्या वहीत आहे, तो वृद्धाश्रम कोऱ्या वहीच्या वृद्धाश्रमापेक्षा बरा.

उठू न देण्याचे मार्ग अनेक आहेत. खुर्चीला ओढणीने बांधणे हा दिसणारा. शौचालयापर्यंत न्यायला माणूस नाही म्हणून लघवीची नळी घालून ठेवणे हा कमी दिसणारा. आणि अजिबात न दिसणारा म्हणजे गुंगीचे औषध. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारावरची औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. सकाळी अकरा वाजता हॉलमधले सगळेच पेंगत असतील, तर गोळ्यांची यादी मागावी आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावी.

हे बदलता येते, याचा पुरावा अमेरिकेत आहे. तिथले नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे हॉस्पिटल नव्हे. दीर्घकाळ शुश्रूषा लागणारी माणसे तिथे कायम राहतात. १९८७ च्या कायद्याने तिथे प्रत्येक रहिवाशाची ठरावीक काळाने तपासणी आणि नोंद सक्तीची केली, आणि सोयीसाठी बांधून ठेवण्यावर बंदी आणली. १९९१ मध्ये पाचांपैकी एकाला बांधले जात होते. २००७ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले. २००८ पासून या संस्थांना तारांकनही मिळू लागले. मात्र कर्मचारी किती, हे संस्था स्वतःच कळवत. पुढे २०१६ पासून ही माहिती पगारपत्रकांवरून घेणे सुरू झाले. स्वतःच दिलेले गुण कोण कमी देईल?

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार वृद्धांना सामावणारा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. खासगी संस्थांची नोंदणी आणि किमान निकष यांसाठीचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत मंजूर झाले नाही. कुटुंबाला हाताशी धरता येईल असे तारांकन नाही, तुलनेचा तक्ता नाही. आणि दोन वृद्धाश्रमांचे आकडे सरळ शेजारी ठेवताही येत नाहीत. चालतेफिरते वृद्धच घेणाऱ्या संस्थेत बेडसोर कमी दिसणारच. ज्यांना कोणी घेत नाही त्यांना जागा देणारी संस्था कागदावर वाईट दिसते. म्हणून तुलना करायची ती त्याच माणसाशी: दाखल झाला तेव्हा कसा होता आणि आता कसा आहे.

शिवाय वहीत न मावणारेही बरेच असते. आंघोळ पहाटे पाचला सगळ्यांची एका रांगेत होते, की ज्याला जेव्हा हवी तेव्हा? आजोबांना एकेरीत हाक मारतात का? डायपर बदलताना पडदा ओढतात का? श्रवणयंत्राचे सेल संपले तर किती दिवसांनी येतात? याची उत्तरे तिथे राहणाऱ्यांकडेच असतात, पण व्यवस्थापक शेजारी उभे असताना ती मिळत नाहीत. तक्रार केली तर आईला नीट वागवणार नाहीत, ही मुलांची भीतीही खरी असते. दुसरी जागा सहज मिळत नाही. दोघातिघांच्या नातेवाइकांनी मिळून विचारले तर बोट एकाच आजींकडे जात नाही. तेवढ्यानेही भागले नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची ‘एल्डरलाइन’ ही राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे. तिथे आजी-आजोबांना स्वतःही फोन करता येतो, फक्त वृद्धाश्रमात त्यांच्या हाताशी फोन असायला हवा.