१३५ गुणिले १२

एका ओळीत चार, अशा तीन ओळींत मिरचीची रोपे लावली, तर एकूण रोपे किती? मूल चार अधिक चार अधिक चार करून बारा सांगते. गुणाकाराची सुरुवात हीच: सारखे गट, आणि असे गट किती. आता वाफ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाहा. तीन-तीन रोपांच्या चार ओळी दिसतील. रोप एकही हललेले नाही, म्हणून तीन चोक बारा आणि चार त्रिकही बाराच. पाढे पाठ हवेतच, पण त्याआधी मुलाने हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. दोनपासून नऊपर्यंतचे एकमेकांशी होणारे ६४ गुणाकार मग ३६ वर येतात.

सात आठे किती, हे आठवत नसेल तर? आठ-आठ रोपांच्या सात ओळींत पाचव्या रोपानंतर आडवी दोरी ताणा. एका बाजूला सात पंचे पस्तीस, दुसऱ्या बाजूला सात त्रिक एकवीस. बेरीज छप्पन्न. गुणाकाराचा खरा गाभा मला या तोडण्यात दिसतो.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त हेच किती मोकळेपणाने दाखवले आहे! १३५ला १२ने गुणायचे आहे. १२चे ८ आणि ४ करा: १०८० अधिक ५४०. किंवा आधी ३ने गुणा, आलेल्या ४०५ला ४ने. किंवा २०ने गुणून २७०० मिळवा आणि त्यातून आठपट, म्हणजे १०८०, वजा करा. प्रत्येक वाटेने उत्तर १६२०च. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. इतक्या जवळचा हा वारसा तिसरी-चौथीच्या वर्गात पोहोचायला हवा.

वर्गात आपण उभी मांडणी शिकवतो. २ने गुणून २७० लिहायचे, मग दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली मारून १३५. ती फुली कशासाठी, हे सांगायचे मात्र अनेकदा राहून जाते. १२मधला १ हा दशक आहे. १३५ची एकपट नव्हे, दहापट घ्यायची आहे. फुलीच्या जागी शून्य लिहिले की १३५० दिसतात, आणि त्यांत २७० मिळवायचे.