साखळी-करवतीस विजेच्या साणेवर धार लावणे

आंब्याच्या जुन्या बागेची छाटणी करावयाची असो वा वादळात पडलेले झाड तोडावयाचे असो, साखळी-करवत आता पुष्कळ गावांत दिसू लागली आहे. जाडसर किसाऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की धार गेली असे समजावे. बोथट करवत जोराने दाबून चालविणे धोक्याचे आहे.

साणेवर सर्वांत अधिक नुकसान होते ते उष्णतेने. चाक दात्यावर दाबून धरल्यास दाता निळा पडतो, पोलादाचे पाणी उतरते आणि महागडी साखळी वाया जाते. यास्तव चाक क्षणभर टेकवून उचलावे. फार बोथट साखळीस एकाच फेरीत धार आणण्याची घाई करू नये. चाकाचा काठ चकचकीत झाला असेल तर तो कापीत नाही, नुसता तापवितो. असा काठ घासणीच्या दगडाने मोकळा करून घ्यावा.

कोन निर्मात्याने दिलेला ठेवावा. पुष्कळ साखळ्यांना तो ३० अंश असतो. सर्वांत झिजलेला दाता प्रथम घासून बाकीचे त्याच्याइतके करावेत. डावे-उजवे दाते लहानमोठे राहिल्यास काप वाकडा जातो.

नवे चाक बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. बद्द आवाज आल्यास तडा असण्याचा संभव असतो. असे चाक वापरू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. साण सुरू केल्यावर मिनिटभर चाकासमोर न थांबता बाजूस उभे राहावे. काम झाल्यावर साखळीवरील कण ब्रशाने झाडून ती तेलात बुडवून ठेवावी.