आजोबांची ३१५

आमच्या राधानगरीत बंदुकीचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. एक, संस्थानच्या काळातल्या शिकारी. दुसरी, उसात शिरलेले गवे. दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली तिथे अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. तरी आमच्या आजोबांच्या कपाटात एक ३१५ बोअरची रायफल आहे, पीकसंरक्षणाच्या लायसनवर घेतलेली. इलेक्शन आलं की ती पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाते, निकाल लागला की परत येते.

थर्ड इयरला मशीन डिझाइन शिकल्यावर मला वाटलं, हिची नळी बदलावी, अक्रोडाचा नवा दस्ता करावा, वर दुर्बीण बसवावी. परदेशात हौशी लोक जुन्या लष्करी ॲक्शनवर अशा 'कस्टम' रायफली बांधतातच की! ॲक्शन म्हणजे रायफलचं हृदय: रिसीव्हर, बोल्ट आणि खटक्याची यंत्रणा. नळी आणि लाकूड बदलता येतं, ॲक्शन तीच राहते.

गंमत म्हणजे आजोबांची रायफल मुळातच अशी आहे. बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी कारखान्याने ती लष्कराच्या थ्री-नॉट-थ्रीच्या ली-एनफिल्ड ॲक्शनवर बांधली. ३०३ हा लष्करी बोअर, तो सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणून जुन्या ऑस्ट्रियन सैन्याचं ८ मि.मी.चं काडतूस घेतलं, तेच आपलं ३१५.

आता थोडं गणित. थ्री-नॉट-थ्रीच्या चेंबरमध्ये दाब जातो साधारण ३००० किलो प्रति चौ.सें.मी.पर्यंत. पुंगळीचा आतला व्यास १ सें.मी. धरला तर क्षेत्रफळ ०.७८५ चौ.सें.मी. म्हणजे बोल्टवर मागे सुमारे २३५० किलोचा धक्का! पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते म्हणून प्रत्यक्षात तो कमी बसतो. पण काडतुसाला तेल लागलं असेल तर ही पकड सुटते आणि धक्का वाढतो. (आमचा एक काका काडतुसं तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायचा. तेव्हा कुणाला काय माहीत!)

हा भार झेलतात बोल्टचे लग्ज. जर्मन माउझर ९८ मध्ये ते पुढे, चेंबरला लागूनच असतात. ली-एनफिल्डमध्ये ते मागे. त्यामुळे प्रत्येक बाराला अख्खा बोल्ट दाबला जातो आणि रिसीव्हरच्या बाजू ताणल्या जातात. स्ट्रेन लांबीभर पसरतो, पुंगळ्या लवकर थकतात. उलट बोल्ट फिरवायचा फक्त ६० अंश, माउझरला ९०, म्हणून ली-एनफिल्ड झपाट्याने चालते. शिवाय तिचा दस्ता दोन तुकड्यांचा, मागचा भाग एका लांब बोल्टने आवळलेला. कस्टमवाले माउझरवर जीव टाकतात त्यामागे पुढचे लग्ज आणि एकसंध दस्ता ही दोन मोठी कारणं.

खरी मेख आहे हेडस्पेसची. बोल्टचं तोंड आणि नळीची मागची कड यांच्यातल्या फटीत काडतुसाची कड बसते. थ्री-नॉट-थ्रीला ही फट १.६३ ते १.८८ मि.मी. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा! जास्त झाली तर पुंगळी मागे ताणून फाटते आणि गरम वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. नळी बदलली की ही फट पुन्हा गेजने मोजावी लागते. बोल्टला वेल्डिंगची उष्णता लागली तर लग्जचा कडकपणा जातो, आणि वरून काही दिसत नाही. म्हणूनच नव्या जोडणीनंतर जादा दाबाचं काडतूस उडवून 'प्रूफ' करतात.

हे सगळं वाचल्यावर मी वर्कशॉपच्या लेथचा विचार सोडून दिला. कायद्यानेही तो गुन्हाच झाला असता. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायला किंवा तिच्यात बदल करायलाही वेगळं लायसन लागतं.

आजोबांना लग्जचं चित्र काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "एवढा धक्का खांद्याला लागायचा व्हय रं? आणि मी तुझ्या आजीला सांगायचो, काय न्हाई लागत."

लायसनच्या नूतनीकरणाची तारीख आता जवळ आलीय. बाबा म्हणतात, जमा करून टाकू. आजोबा अजून काही बोललेले नाहीत.