निअँडरथल मानवाची शरीररचना
निअँडरथल म्हटले की गुडघ्यांत वाकून चालणारी जी पशुवत् मूर्ती पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, तिचे जनकत्व बव्हंशी मार्सेलँ बूल या फ्रेंच पंडिताकडे जाते. कारण १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे मिळालेल्या ज्या सांगाड्यावरून त्यांनी आपला निवाडा दिला, तो संधिवाताने जर्जर झालेल्या, बहुतेक दाढा गमावलेल्या पुरुषाचा होता. १९५७ साली स्ट्रॉस आणि केव्ह या अभ्यासकांनी त्या अस्थींची फेरतपासणी केल्यावर हा मानवही आपल्यासारखाच ताठ चालत असला पाहिजे, हे मान्य झाले.

खरा भेद प्रथम मस्तकात दिसतो. आपली कवटी उंच व वाटोळी, तर त्याची लांबट, बसकी आणि मागील बाजूस फुगीर. कपाळ उतरते, भुवयांच्या जागी हाडाची जाड दुहेरी कमान, नाक प्रशस्त, चेहऱ्याचा मध्यभाग पुढे आलेला. हनुवटी जवळजवळ नाहीच. तो मक्ता आधुनिक मानवाचा. मेंदूच्या आकारमानात मात्र तो आपल्याला हार जात नाही : ला शापेलच्या कवटीची धारणा सुमारे १६०० घन सेंटिमीटर, म्हणजे आजच्या सरासरीहून अधिकच भरते.

धड रुंद, हाडे भक्कम, कोपराखालचा हात आणि नडगी आखूड. अशी ठेंगणी ठेवण शरीरातील उष्णता राखण्यास, म्हणजेच हिमयुगीन युरोपास, अनुकूल होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. जबड्यात अक्कलदाढेमागे मोकळी जागा बहुधा उरे. त्यामुळे आपल्याकडे नित्य ऐकू येणारी अडकलेल्या दाढेची तक्रार त्याच्या वाट्याला क्वचितच आली असावी.