ॲझाइड मारताना

जीडिमेटलाच्या औषध कारखान्यात लोसार्टनची बॅच लागली की माझं लक्ष मालापेक्षा त्यातून निघणाऱ्या पाण्याकडे असतं. रक्तदाबाच्या या औषधातलं टेट्राझोल वलय बांधायला सोडियम ॲझाइड लागतं आणि उरलेलं ॲझाइड पाण्यात विरघळून बाहेर येतं. ते तसंच सोडलं आणि वाटेत तांब्या-पितळेची नळी लागली, तर आत तांब्याचं ॲझाइड साचतं. ते नुसत्या धक्क्यानं फुटतं. पावडर काढायचा चमचासुद्धा आम्ही प्लास्टिकचाच ठेवतो.

म्हणून हे ॲझाइड पाण्यातच मारायचं: आधी सोडियम नायट्राइट, मग पातळ गंधकाम्ल. क्रम उलटला तर हायड्राझोइक आम्ल सुटतं, विषारी आणि वर स्फोटक. आम्लाची धार लागताच बुडबुडे उठतात: नायट्रोजन आणि नायट्रिक ऑक्साइड. दुसऱ्याला हवा लागली की तपकिरी धूर. तो स्क्रबरमध्ये ओढायचा. फेस चढू लागला की ऑपरेटर ओरडतो, "हल्लू डालो, साब!" घाई करणाऱ्या नव्या केमिस्टला मी ढवळणीजवळ उभाच करत नाही. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा पडला, म्हणजे नायट्राइट शिल्लक राहिलं, की ॲझाइड संपलं असं समजायचं.

याच पावडरीकडून मोटारीच्या एअरबॅगला नेमकी घाई हवी होती. सुमारे 300 अंशांच्या पुढे 130 ग्रॅम ॲझाइड विघटित झालं की साधारण 72 लिटर नायट्रोजन मिळतो, आणि पिशवी 30-40 मिलिसेकंदांत फुगते. मागे राहतो धातुरूप सोडियम, पाणी लागलं की पेटणारा. त्याला पोटॅशियम नायट्रेट गाठतं, मग सिलिका त्या ऑक्साइडांची निरुपद्रवी काच करून टाकते. वेगाचं कौतुक सगळेच करतात. मला ही मागची निस्तरानिस्तर जास्त हुशारीची वाटते.

ती चुकली की काय होतं ते 2018 मध्ये लोसार्टनच्याच जातीच्या व्हॅल्सार्टन या औषधानं दाखवलं. माल वेगळा न काढताच नायट्राइट घातलं गेलं, डीएमएफ या द्रावकातल्या डायमिथाइल अमाइनशी त्याची गाठ पडली आणि कर्करोगकारक मानलं जाणारं एनडीएमए गोळ्यांत उतरलं. अनेक देशांत औषध परत मागवावं लागलं.

नव्या एअरबॅगांत ॲझाइड नसतं, बहुधा ग्वानिडिन नायट्रेट असतं. तरी न फुटलेली एअरबॅग भरलेलीच असते. जुनी गाडी मोडीत काढताना भंगारवाल्याला तेवढं आठवणीनं सांगा.