आयसीयूबाहेरचा व्हॉल्व्ह

आयसीयूच्या दाराबाहेर भिंतीत काचेच्या दाराची एक छोटी पेटी असते. आत ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळीवर बॉल व्हॉल्व्ह. नातेवाइकांचे तिकडे लक्ष जात नाही. खरे तर आम्हा डॉक्टरांचेही जात नाही.

रचना साधी. आरपार भोक असलेला गोळा. मूठ नळीच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. लांबूनही कळते. बसवण्याची पथ्ये मात्र कडक. तेल-ग्रीसचा अंशही नको, शुद्ध ऑक्सिजनमध्ये तो पेट घेऊ शकतो. नळी झाळताना उष्णतेने व्हॉल्व्हमधले टेफ्लॉनचे कडे बिघडते, म्हणून मधला भाग काढून ठेवतात. नळीतून नायट्रोजन वाहता ठेवावा लागतो, नाहीतर आतून काळी खपली धरते आणि सुटून पुढे जाते. नंतर उघडायचाही हळूहळू, कारण अचानक दाबला गेलेला वायू तापतो.

आमच्याकडे या पेटीपुढेच एकदा औषधांचे कपाट आले. मी विचारले, ‘‘सिस्टर, आग लागली तर हा बंद कोण करणार?’’

‘‘टेक्निशियनला फोन करू, सर.’’

चूक त्यांची नव्हती. तो कोणत्या खाटांचा, हेही कुठे लिहिलेले नव्हते. आता लिहिले आहे: खाटा १ ते ८. आधी ऑक्सिजनवरचा प्रत्येक रुग्ण सिलिंडरवर घ्यायचा, मगच मूठ आडवी करायची, हे सगळ्या पाळ्यांना शिकवायला दोन दुपारी लागल्या. कपाट हलवायला तीन आठवडे.