अपघाताची भरपाई ही मेहेरबानी नव्हे



गळीत हंगाम सुरू झाला की फडात, रस्त्यावर आणि कारखान्यात एकाच वेळी हजारो हात राबू लागतात. गव्हाणीची साखळी, बगॅसचे पट्टे, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, यात कुणाच्या तरी हातापायावर बेततेच. मग गावात चार शहाणी माणसे बसतात, दहा-वीस हजार हातावर ठेवतात, कागदावर अंगठा घेतात आणि ‘मिटलं एकदाचं’ म्हणून घरी जातात.

आम्ही स्पष्ट सांगतो, असे काही मिटत नसते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यू झाला असेल तर रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडली, तर वारसांना परस्पर दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही.

हा हक्क आजचा नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. इतर कारखान्यांतल्या पुष्कळ कामगारांना राज्य विमा योजनेचा आधार असतो. साखर कारखाना मात्र हंगामी धरला जातो आणि हंगामी कारखाने त्या योजनेतून वगळले आहेत. म्हणून आपल्याकडे हाच कायदा कामाचा.

त्याचे मर्म असे, की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना व कामामुळे इजा झाली, एवढे पुरे. कामगार दारू प्यालेला होता, किंवा सुरक्षेची जाळी त्याने मुद्दाम काढली, अशी सबब मालकाला सांगता येते. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाही.

आता हिशेब पाहू. तीस वर्षांच्या माणसाचा अंगठा तुटला आणि महिना १२,००० रुपये पगार धरला, तर पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या २०७.९८ ने गुणायचे. अंगठ्याचे नुकसान ३० टक्के धरतात, म्हणून आलेल्या रकमेचे ३० टक्के काढायचे. होतात सुमारे ४ लाख ४९ हजार. कुठे हे आणि कुठे दहा हजार! शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

‘तो ठेकेदाराचा माणूस होता,’ हे उत्तरही पुरत नाही. कारखान्याच्या आवारात कारखान्याच्याच नेहमीच्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून चालले असेल, तर कामगार कारखान्याकडे भरपाई मागू शकतो. कारखान्याने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी.

आणि सभासदांनो, हे फक्त कारखान्यापुरते आहे असे समजू नका. ट्रॅक्टर किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या यंत्रांनी शेती करताना ठेवलेला गडीही या कायद्यात येतो. तिथे मालक तुम्हीच! तेव्हा ट्रॅक्टरचा विमा उतरवताना ड्रायव्हरखेरीज आणखी कोण त्यात धरले आहे, हे आधी विचारा आणि लेखी घ्या.

अपघात झालाच तर या गोष्टी विसरू नका. दवाखान्याच्या कागदावर इजा कामावर झाल्याची नोंद करून घ्या. मालकाला ताबडतोब लेखी कळवा. पगाराचा पुरावा जपून ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. मालकाने देय झालेली रक्कम महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज चढते, आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

ज्याच्या घामावर आपली साखर गोड होते, त्याचा हात गेल्यावर त्याला दारोदार फिरावे लागू नये. आपण सारे या कारखान्याचे मालक आहोत. तेव्हा हे देणे आपले आहे, दान नव्हे. गावच्या बैठकीत पुन्हा असे प्रकरण आले, तर आधी हा हिशेब मांडा, एवढीच विनंती.